खांद्यावरचं पोर

काश्मीर बघून आलेले लोक काश्मीरवर लिहितात. मी नांदेडहून निघून लातूरमार्गे उदगीरला गेलो होतो, तेही एस.टी.नं, मांडीवर ज्वारीची पिशवी घेऊन. एवढ्याशा प्रवासाचं काय लिहायचं, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. मी पुढं काश्मीरही बघितलं. तिथून जसा गेलो तसाच परत आलो. उदगीरहून आलो तेव्हा तसा राहिलो नव्हतो.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं आणि सगळीकडं दुष्काळ होता. मी नांदेडच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होतो. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, पहिला एम.ए.ही मीच. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. बाप खडी फोडायचा, आई आमचा कोरडवाहू तुकडा आवरून लोकांच्या रानात खुरपायला जायची. अशांच्या पोटी प्राध्यापक निपजला तर तो थोडा छाती काढून चालणारच.

वर्ष सुरू झालं की पहिल्या तासाला मी फळ्यावर मोठ्ठा 'मी' काढायचो आणि विचारायचो, "हा कोण?" पोरं आपापली नावं सांगायची. नाव उद्या बदललं तर? मग म्हणायची, सर, शरीर. शरीर तर पाळण्यातलं राहिलं नाही, तरी तू तूच कसा? तेव्हा मी सांगायचो की मानसशास्त्र 'मी' नावाचं गाठोडं सोडून बघतं, तेव्हा त्यात मुख्यतः दोन गोष्टी सापडतात. एक, आठवणींचा धागा. कालचा तो आणि आजचा हा एकच, हे आपल्याला आठवणच सांगते. दुसरी, लोकांचे डोळे. लोक आपल्याकडं जसं बघतात तसे आपण आपल्याला दिसायला लागतो. आरशासारखं.

आणि धाग्याचं पहिलं टोक दाखवायला मी माझीच पहिली आठवण सांगायचो. माळेगावची जत्रा. थंडीची सकाळ, धूळ, घोडी खिंकाळतायत. गर्दीच्या डोक्यांवर उठून दिसणारा एक उंच माणूस, डोक्याला पिवळा रुमाल. त्याच्या खांद्यावर लाल टोपरं घातलेलं पोर, म्हणजे मी. मला मी पाठमोरा दिसतो. आणि त्याच वेळी माझ्या मुठीत काहीतरी आहे. गुळगुळीत, कोंबडीच्या अंड्यापेक्षा थोडं लहान, अंगासारखं कोमट, दोऱ्याला बांधलेलं.

"आता गंमत बघा," मी म्हणायचो. "मी खांद्यावर आहे, तरी मला मीच बाहेरून दिसतो. लहानपणच्या आठवणीत असं होतं. माणूस स्वतःचाच प्रेक्षक होतो." पोरं माना डोलवायची. तो उंच माणूस म्हणजे माझा बाप आणि मुठीतला त्याच्या गळ्यातला ताईत, याबद्दल मला कधी शंका आली नव्हती. त्या आठवणीवर माझा जीव होता. का, ते पुढं सांगतो.

लोहा

माझं लग्न ठरलं. सुट्टी घेऊन मी गावी गेलो. आमचं गाव लोह्यापासून जवळच. बाप जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. घरात आई एकटी. मी पोचलो तेव्हा ती बाजेवर बसून आंघोळ करत होती आणि बाजेखाली घमेलं ठेवलं होतं. अंगावरून पडलेलं पाणी म्हशीला. दुष्काळात आमच्याकडं घरोघरी हीच रीत.

जेवताना मी हळदीचा विषय काढला. आई म्हणाली, "हळद लागंल. आधी वाण्याकडून सुटून ये."

इथं मला थोडं मागं जावं लागेल. माझ्याआधी आईची दोन लेकरं गेली होती. मी जन्मलो तेव्हा जाणत्या बायकांनी सांगितलं, हे पोर आपलं म्हणून ठेवू नको, विकून टाक. तशी चालच होती. जिचं लेकरू अंगाखांद्यावर खेळतंय अशा बाईला नवं पोर सुपात घालून द्यायचं, तिनं सूपभर ज्वारी मोजून देऊन ते विकत घ्यायचं. मग पोर तिचं. जन्म दिलेली आई फक्त सांभाळणारी. मरण दारात आलं तर त्याला सांगायचं, बाबा, हे माझं नव्हे, दुसऱ्याचं आहे. लग्नाआधी पुन्हा सूपभर ज्वारी देऊन पोर सोडवून आणायचं. गावात लिंगायत वाण्याचं दुकान होतं. त्या घरची गुरम्मा नुकतीच बाळंतीण झाली होती. तिनं मला विकत घेतलं. माझं घरातलं नाव त्यावरूनच पडलं, सुप्या. माणिक हे शाळेतल्या गुरुजींनी ठेवलं.

"आई," मी म्हणालो, "मी एम.ए. झालोय. माणूस सुपात घालून इकता येत न्हाई."

"न्हाई कसं? मीच इकलंय की."



तुम्हाला ही हसण्यावारी न्यायची गोष्ट वाटेल. मलाही वाटायची. पण आमच्या आईनं ती शब्दाला शब्द पाळली होती. तिनं मला जन्मात एकदाही 'माझं' म्हटलं नव्हतं. "वाण्याचं पोर जेवलं का?" "वाण्याच्या पोराला ताप हाय." बी.ए.चा निकाल लागला तेव्हा सगळ्या आळीत पेढे वाटत ती सांगत होती, "वाण्याचं पोर पास झालं." गुरम्मा गाव सोडून गेली, गावातलं दुकान बंद पडलं, तरी मी वाण्याचाच. बापही तसाच. दुसऱ्यांची पोरं बापाच्या मानेवर बसून बाजारला जायची. माझा बाप माझ्या पुढं चालायचा. हात धरायचा नाही. कुणी बघेल म्हणून नव्हे, मरण बघेल म्हणून. फळ्यापुढं उभं राहून लोकांच्या डोळ्यांच्या आरशाबद्दल मी इतकं पोटतिडकीनं का बोलायचो, ते आता कळलं असेल. माझ्या घरच्या आरशात मी कायम पाहुणा दिसत होतो. म्हणून तर माळेगावच्या त्या एका सकाळीला मी इतका धरून होतो. तेवढं एकदाच बापानं मला खांद्यावर घेतलेलं.

मी विचारलं, "आणि सुटून आलो तर मग काय म्हणशील?"

आईनं भाकरी उलटी केली. "मग बघू," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं कणगीत हात घालून ज्वारी काढली. गेल्या साली पिकलेली, आमच्याच रानची. विकतची चालत नाही. यंदा रानात नुसता कडबा उभा होता, कणसं भरलीच नव्हती. सूप तिनं शिगोशिग भरलं, मग वर आणखी दोन मुठी टाकल्या.

"घरात काय राहिलं?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय? मोल कमी पडलं म्हणून तिनं न्हाई म्हणायला नको."

लातूर

गुरम्मा लातूरला भावाकडं राहते, एवढाच पत्ता. अहमदपूरचा घाट चढून गाडी वर आली की तेव्हा पुढं नुसतं काळं रान दिसायचं, भेगाळलेलं, आणि वर पांढरं आभाळ. मधूनच एखाद्या गावाबाहेर टँकरची वाट बघत ओळीनं घागरी मांडलेल्या. माणसं सावलीला, घागरी उन्हात. शेजारचा म्हातारा मला म्हणाला, "पावनं, पिशवीत काय हाय?" ज्वारी म्हटल्यावर तो पिशवीकडं आदरानं बघायला लागला. शहराकडून गावाला ज्वारी नेणारे त्या साली खूप दिसायचे. मी उलटा निघालो होतो.

लातूरचा तेव्हाचा थाट काय सांगू. नवा नवरदेव कसा, कपडे अंगाला बसलेले नसतात पण चालतो मात्र ऐटीत, तसं ते गाव. भाड्याच्या घरांवर सरकारी कचेऱ्यांच्या पाट्या. रस्त्यानं एक पेंटर शिडी घेऊन फिरत होता. दुकानांच्या पाट्यांवरचा जुना जिल्हा पुसून 'जि. लातूर' करत होता. पण जुना रंग चांगल्या प्रतीचा असणार. नव्या अक्षरांखालून उस्मानाबाद दिसतच होतं.

स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात मालकानं अर्धा पेला पाणी ठेवलं. "पुन्हा मागू नका," आधीच सांगितलं. कुठले म्हणून विचारल्यावर मी नांदेड सांगितलं.

"नांदेड! तुमचं जिल्ह्याचं गाव जुनं. आता आमी पण जिल्हा हाव बरं का."

"मग बदललं काय?" मी विचारलं.

त्यानं विचार केला. "पानी तर तेवढंच हाय. पण आता कोण इचारलं की छाती येवढी होती."

मला ते एकदम पटलं. नाव बदललं की आतलं बदलत नाही असं मी वर्गात ठासून सांगायचो, आणि इथं एक माणूस नावामुळं दोन बोटं उंच झाला होता.

स्टँडवरून बाहेर पडताना अपघात झाला. पिशवीचा खालचा टाका उसवला आणि आईची ज्वारी स्टँडच्या फरशीवर सांडली. मी खाली बसलो. चांगली इस्त्रीची पँट, गुडघे टेकून दाणे गोळा करतोय. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात एक बाई आली. कडेला गाठोडं, कामाच्या शोधात निघालेली असावी. काही न विचारता समोर बसली आणि पदराच्या काठानं दाणे ओढायला लागली. मग आणखी दोघी बसल्या. एका कंडक्टरनं मधे उभं राहून लोकांना बाजूनं काढलं. "अन्न हाय, पाय देऊ नका!" त्या साली दाणा म्हणजे काय होता, हे त्या बायकांच्या बोटांना ठाऊक होतं. फरशीच्या फटीतलासुद्धा त्यांनी सोडला नाही. पिशवीचा उसवलेला कोपरा मी सुतळीनं बांधला. मी त्या बाईला ओंजळभर द्यायला लागलो तर ती मागं सरली.

"कुनाला नेऊन राहिलात?"

मी काय सांगणार? म्हणालो, "देण्याची हाय."

"मग कमी करू नका," म्हणाली आणि गाठोडं उचलून गेली.

भुसार बाजारात गुरम्माच्या भावाचं दुकान सापडलं. तिथं कळलं, लेकाचं लग्न झालं तशी ती उदगीरला गेली. लेकानं तिकडं किराणा टाकलाय. त्यांनी मला तिथं जेवू घालूनच सोडलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. मी आमच्या रिवाजानं ताटात घासभर ठेवला, तर वाढणाऱ्या बाई दाराशी थबकल्या. आमच्याकडं ताट चाटून पुसून खाणारा हावरट. त्यांच्याकडं ताटात ठेवणारा अन्नाचा अपमान करणारा. यजमानांनी स्वतःच्या ताटात थोडं पाणी ओतलं, बोटानं ताट धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. मीही घास खाऊन तसंच केलं. दुष्काळात ही रीत मला आमच्यापेक्षा शहाणी वाटली.

उदगीर

उदगीरला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. बोली लगेच बदलते. रिक्षावाला दख्खनी, भाजीवाली कानडी, आणि दोघं भांडताना मराठी. किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर शिवलिंगचं दुकान. दुकानाच्या पाठीमागं घर. पाटीवर इथंही नवा जिल्हा.

दारात एक ठेंगणी, गोरी, साठीकडं झुकलेली बाई उभी होती. कपाळावर भस्माचे पट्टे, कडेवर नात.

"गुरम्माअव्वा का?" मी विचारलं. "मी माणिक. नांदेडला प्रोफेसर आहे."

"कोन माणिक? आमचं कोन न्हाई नांदेडला." ती आत वळली. "शिवलिंगा, बघ रे, इम्याचा एजंट आला वाटतं."

दुकानातून तिचा लेक बाहेर आला, माझ्याच वयाचा, अंगानं भरलेला. मी पिशवी खाली ठेवली. एम.ए., प्रोफेसर, कशाचाच उपयोग नव्हता.

"अव्वा, मी सुप्या."

ती वळली. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग नातीला सावरत पुढं आली आणि मोकळ्या हातानं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं. "अय्यो देवा! बा, बा, आत बा. एवढा लांबोडा झालास? सुपात पाय दुमडून झोपायचास की रे!" आणि लेकाला म्हणाली, "शिवलिंगा, तुझा भाऊ. मी इकत घेतलेला."

शिवलिंग हसला. "मला फुकटात काढलं आन् याला मोल देऊन आणलं. म्हंजी मोठा मान ह्याचाच."

त्या संध्याकाळी तिनं हुग्गी केली. खपली गव्हाची, गुळाची, दाट. पाण्याची घागर दोन गल्ल्या पलीकडून आणावी लागत होती, तरी सून दोनदा जाऊन आली. मी ताट धुऊन प्यायलो तेव्हा गुरम्मानं सुनेकडं अभिमानानं बघितलं. जणू मला तिनंच शिकवलं होतं.

मी कामाचं बोललो नाही. तीही विचारत नव्हती. पण पिशवीकडं तिचं लक्ष जात होतं.

सकाळी ओसरीवर बसलो. शिवलिंग दुकानात वरच्या फळीवरचे डबे काढायला शिडीवर चढला होता. गुरम्माशी गप्पा निघाल्या, आणि शिकवायची सवय, मी माझी माळेगावची आठवण सांगितली. गर्दी, घोडी, पिवळा रुमाल, लाल टोपरं. "आमच्या बापानं खांद्यावर घेतलं होतं," मी म्हणालो.

गुरम्मानं नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग हळूच म्हणाली, "तुझ्या बापाला रुमाल कुठला, तम्मा? तो टोपी घालायचा."

खरं होतं. बापाचा जो एकुलता फोटो घरात आहे, त्यात टोपीच आहे. इतक्या वर्षांत मी ते एकमेकांशेजारी ठेवून बघितलंच नव्हतं.

"पिवळा रुमाल यांचा," ती म्हणाली. ती नवऱ्याचं नाव घेत नव्हती. बसप्पा वाणी, शिवलिंगचे वडील. "त्या साली आमी दोघांना घेऊन माळेगावला गेलो. तुझी आई म्हनली, तुझंच हाय, ने. लाल टोपरं शिवलिंगचं. मीच शिवलेलं."

"मग मी कुठं होतो?"

तिनं उत्तर द्यायची गरजच पडली नाही. कारण मी तिच्याकडं बघत होतो. नात तिच्या कडेवर होती. मान वर करून शिडीवरच्या बापाकडं टक लावून बघत होती. आणि तिच्या इवल्या मुठीत आजीच्या पदराआडून ओढलेली चांदीची डबी होती. वाण्यांच्या घरात बाई असो, बाप्या असो, गळ्यात इष्टलिंग असतं, चांदीच्या डबीत, दोऱ्यात ओवलेलं, छातीपाशी. गुळगुळीत. अंड्यापेक्षा थोडं लहान. अंगाशी असतं म्हणून कोमट.

खांद्यावर बसलेल्या पोराच्या हातात कुणाच्या छातीवरची डबी येत नाही. कडेवरच्या पोराच्या येते.

मी स्वतःला बाहेरून बघत नव्हतो. मी शिवलिंगला बघत होतो. एवढं साधं. आणि त्यावर मी वर्षाच्या वर्षाला व्याख्यान देत होतो!

हसू आलं, पण टिकलं नाही. माझ्या बापाचा खांदा, तो एकच, तोही गेला होता. माणसाचा 'मी' आठवणीच्या धाग्यानं विणलेला असतो, आणि माझ्या धाग्याचं टोकच दुसऱ्याच्या अंगरख्यातलं निघालं. आठवण म्हणजे फोटो नव्हे, मन ती दरवेळी नव्यानं रचतं, आणि ज्याची भूक असते ते त्यात घालतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. दुसऱ्यांसाठी असतं असं वाटलं होतं.

मी उगीच उठलो आणि पिशवी ओढली. "अव्वा, मी सुटायला आलोय. माझं लग्न हाय."

तिनं नातीला खाली ठेवून सूप आणलं. ज्वारी ओतली, पाखडली, बोटानं खडे वेचले. "लातूरची खडी पण आणलास की." मग सूप बाजूला सारलं. "न्हाई देत मी."

"का?"

"तुझ्या आईची दोन गेली. तू राहिलास. का राहिलास? माझा होतास म्हणून. आता मी सोडलं आन् काय झालं तर? मरन काय मेलंय का? बाहेर बघ, कसलं साल हाय. राहा की माझा. तुला काय तरास हाय?"

मी शिकलेला माणूस. तिला सांगू शकलो असतो की मरण सूप बघून येत नसतं. पण ती माझ्याविरुद्ध भांडत नव्हती, माझ्यासाठी भांडत होती. तिच्याशी वाद कसा घालणार? म्हणून जे खरं होतं तेच सांगितलं.

"अव्वा, आई मला अजून माझं म्हणत न्हाई."

"म्हंजी?"

"वाण्याचं पोर म्हणती."

"ते लोकांपुढं. घरात?"

"घरातपण."

"एकदापण न्हाई?"

"न्हाई."

तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. बराच वेळ सुपातल्या दाण्यांवरून हात फिरवत राहिली. "लई निग्रहाची बाई," शेवटी म्हणाली. "मी म्हनत होते, रीत हाय, चालली. ही तर खरंच पाळून राहिली." मग तिनं सुनेला हाक मारली, शेजारणीला साक्षीला बोलावलं, माझ्या कपाळाला भस्म लावलं आणि सूप माझ्या डोक्याला टेकवून म्हणाली, "हे पोर ज्या आईचं हाय तिचं." आवाज घट्ट होता. पण सूप खाली ठेवल्यावर तिनं गळ्यातली डबी पदराआड सारली आणि मुठीत धरून बसली.

रिकाम्या पिशवीत तिनं माझी ज्वारी थोडी परत टाकली. "सुटलेल्याला रिकाम्या हातानं धाडत नसतेत." मी बघितलं, थोडी नव्हती, अर्धी होती.

स्टँडवर सोडायला शिवलिंग आला. वाटेत आदल्या दिवसासारखीच थट्टा केली, लातूरपेक्षा आमच्या उदगीरलाच जिल्हा करायला पाहिजे होतं वगैरे. गाडी लागली तरी हात सोडेना.

"अप्पा गेले तवा मी चार वर्साचा," म्हणाला. "मला त्यांचं काहीच आठवत न्हाई. अव्वा सांगती, पण ते बायकोचं सांगणं. तू पोराच्या डोळ्यानं बघितलास. कसे दिसायचे?"

"तू तर खांद्यावरच होतास."

"मला वरून नुसता रुमाल दिसला आसंल! तू खालून बघितलास. सांग की."

मग उदगीरच्या स्टँडवर मी त्याला सांगितलं. रुमालाचं एक टोक मागं सुटलेलं होतं. चालताना उजवा खांदा जरा वर. तुझे पाय दोन्ही हातांनी धरले होते. आणि केवढे उंच? आभाळ मधे येत होतं, एवढे. तो ऐकत होता आणि गर्दीत उघड्यावर डोळे पुसत होता. मला वाटलं, घडलं ते याला, आठवतं ते मला. मग ही आठवण नक्की कुणाची? त्याचं उत्तर मला तेव्हाही आलं नाही, आणि पुढं निवृत्त होईपर्यंत फळ्यापुढंही आलं नाही. गुरम्मा गेली, तरी दरसाल माळेगावच्या जत्रेच्या सुमारास शिवलिंगचा फोन येतो. "सांग रे, अप्पा कसे चालायचे?" मी सांगतो. आणि पिवळा रुमाल अजून लख्ख दिसतो.

पुन्हा लोहा

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. आईनं भाकरीचा तुकडा आणि पाणी माझ्यावरून ओवाळून टाकलं.

"काय म्हनली?"

"सोडलं म्हणली."

ती तशीच उंबऱ्यावर बसली. तेवढ्यात समोरच्या घरातून शेजारणीनं हाक दिली, "काय गं, वाण्याचं पोर आलं व्हय?"

आईनं तोंड उघडलं. शब्द निघेना. इतक्या वर्षांची जीभ. तिनं आधी वर बघितलं, मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. मग म्हणाली, "हाव. माझं पोर आलं."

आणि झटकन उठून मला मनगटाला धरून आत ओढलं आणि भर दुपारी दार लावून घेतलं. माझ्या कपाळावर, मानेवर हात ठेवून बघितला. "ताप बीप न्हाई ना?"

"न्हाई," मी म्हणालो. मला हसावं की रडावं कळेना. थोड्या वेळानं, तिचा हात अजून मनगटावरच होता, मी विचारलं, "आई, बाबांनी मला कधी खांद्यावर घेतलं होतं का गं?"

"घ्यायचे की. रोज."

"रोज? कवा?"

"असंच. दार लावून. तू लई लहान, तुला कुठलं आठवतंय. तुझं डोस्कं वर लागू नये म्हणून बिचारे घरभर वाकून फिरायचे."

मी वर बघितलं. आमच्या घराचं आढं इतकं खाली होतं, की बापाएवढा उंच झालेला मी त्याच्याखाली वाकूनच उभा होतो.